वडाच्या बीजात वड असतो का?

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला वडाचे फळ आणायला सांगतो. बारा वर्षे गुरुगृही राहून, सगळे वेद शिकून आणि भरपूर ताठा घेऊन परतलेला हा चोवीस वर्षांचा श्वेतकेतू फळ आणतो, फोडतो, आतल्या बारीक बिया दाखवतो. बाप त्यांतली एक फोडायला लावतो. आत काय दिसते? काही नाही. मग उद्दालक सांगतो की तुला जे दिसत नाही त्या सूक्ष्मातूनच हा एवढा थोरला वड उभा राहिला आहे. तेच सत्य, तोच आत्मा, आणि ते तूच आहेस. भारतीय तत्त्वज्ञानात याच्याइतका मनात रुतून बसलेला दृष्टांत क्वचितच असेल. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूसही 'खाण तशी माती' म्हणतो तेव्हा याच वळणाने विचार करत असतो. पुढे जे दिसणार ते आधी आत असतेच, बाहेरच्या जगाने फक्त वाट मोकळी करायची. सांख्यांनी या विचाराला सत्कार्यवाद असे रीतसर नाव दिले आणि ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत त्याच्या बाजूने पाच कारणे दिली. नैयायिकांना हे मान्य नव्हते. कार्य ही नवी वस्तू आहे, ती कारणात आधीपासून दडलेली नसते, असे ते म्हणत. माती आणि मडके, सूत आणि कापड, दूध आणि दही घेऊन हा वाद शतकानुशतके चालला. बीज आणि अंकुरही त्यात होतेच. पण बी पडते कुठे, तिला तिथे कोण नेते आणि नेले नाही तर काय होते, हे पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही. उष्ण प्रदेशांतल्या जंगलांत फळे आणि बिया कशा पसरतात याचा गेल्या साठेक वर्षांत जो अभ्यास झाला, तो समोर ठेवला तर माझ्या मते सत्कार्यवादाची बाजू लंगडी पडते आणि नैयायिकांचीही जशीच्या तशी टिकत नाही. बीजात वड नसतो. बीजात असते ती वडाने इतरांशी केलेल्या जुन्या देवघेवीची नोंद, आणि तीही अर्धवट. उरलेला अर्धा भाग दुसऱ्यांच्या पोटांत आणि भिंतींच्या फटींत असतो.

सुरुवात फळापासूनच करू. उंबर फोडून केंबरे उडवू नयेत म्हणतात, पण या प्रश्नात ती उडवल्याशिवाय गत्यंतर नाही. श्वेतकेतूने जे फोडले ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एक फळ नव्हतेच. वड, पिंपळ, उंबर, अंजीर या सगळ्यांचे 'फळ' म्हणजे आत वळलेला, चहूकडून बंद झालेला फुलोरा. शेकडो इवलीशी फुले आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि टोकाला एक अरुंद तोंड असते. गांधीलमाशीच्या कुळातली, दोनेक मिलिमीटर लांबीची एक माशी त्या तोंडातून आत घुसते. वाट इतकी अडचणीची की घुसताना तिचे पंख बहुधा तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, काहींवर दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग टाकते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आतल्या आतच माद्यांशी संग करतात, बाहेर पडायला भोक पाडतात आणि फळाबाहेरचे आयुष्य न जगताच संपतात. माद्या पराग घेऊन त्या भोकातून निघून जातात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. आता उद्दालकाच्या प्रश्नाकडे वळून पाहा. श्वेतकेतूच्या नखावरची ती बी फुटण्याआधीच तिच्यातला निम्मा वारसा दुसऱ्या कुठल्या तरी वडाचा होता आणि एका किड्याच्या अंगावरून आला होता. जे 'आत' म्हणून दाखवले जात होते ते थोड्याच दिवसांपूर्वी बाहेर होते.

फळ पिकले की वडावर जत्रा भरते. तांबट, कुटुर्गा, बुलबुल, साळुंक्या, कोकीळ, हरियल दिवसा, आणि वटवाघळे रात्री. जगभरात वड-अंजिराच्या कुळातली फळे खाणाऱ्या पक्ष्या-प्राण्यांच्या १,२०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पण खाणारा आणि खाणारा यांत फरक असतो. तांबट किंवा बुलबुल फळ खातो तेव्हा गर पचतो आणि बिया थोड्या वेळाने विष्ठेतून धडधाकट बाहेर पडतात. हरियल मात्र कबुतराच्या जातीचा. त्याच्या पोटात दाणे भरडणारी जाड स्नायूंची पेषणी असते. मलेशियाच्या जंगलात हरियलाच्या भाईबंदांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की त्यांच्या पोटात गेलेल्या बहुतेक बियांचा चुरा होतो. आपण महाराष्ट्राचा राज्यपक्षी म्हणून ज्याला मिरवतो त्याच्यापुढे वडाच्या बीचे फार काही चालत असेल असे दिसत नाही. एकाच फांदीवर, एकाच फळात, शेजारीशेजारी वाढलेल्या दोन बिया घ्या. अंतरंग सारखे, सूक्ष्म सत् दोघींतही तेच. एक तांबटाच्या चोचीत गेली, दुसरी हरियलाच्या. पहिलीच्या बाबतीत निदान पुढचा प्रश्न तरी विचारता येतो. दुसरीच्या बाबतीत वडाचा प्रश्नच मिटला. या दोघींत जो भेद पडला त्याचे कारण कुठल्याच बीच्या आत सापडणार नाही.

पुढचा प्रश्न जागेचा. वडाची बी खसखशीपेक्षा फार मोठी नसते, म्हणजे रोपट्याला शिदोरी म्हणून तिच्यात जवळजवळ काहीच नसते. गर्द सावलीत, पालापाचोळ्याच्या थराखाली ती रुजली तरी तगत नाही. तिला ऊन हवे, ओल हवी आणि बरोबरीच्या गवताझुडपांची गर्दी नको. जंगलात अशी जागा जमिनीवर क्वचित मिळते. ती मिळते ताडाच्या जुन्या झावळ्यांच्या बेचक्यात, एखाद्या उंच झाडाच्या दुबेळक्यात साचलेल्या मातीत, गावात असेल तर देवळाच्या शिखराच्या चिरेत. तिथे पक्ष्याने शिटून टाकलेली बी रुजते आणि मुळे खाली सोडते. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला, मुळे वर आणि फांद्या खाली असलेला अश्वत्थ टीकाकारांनी संसाराचे रूपक म्हणून उलगडला, ज्ञानेश्वरांनी तर त्याचा मोठा विस्तार केला. जंगलात फिरणाऱ्या माणसाला मात्र त्यात वावगे काही वाटणार नाही. पिंपळ आणि वड पुष्कळदा खरोखरच वरून खाली वाढतात, कारण त्यांची सुरुवात कोणाच्या तरी शिटेत, झाडाच्या माथ्यावर झालेली असते.

कोणी म्हणेल, वड हे विशेष प्रकरण आहे, त्याच्यावरून नियम बांधू नये. म्हणून सर्वसाधारण जंगलाकडे वळू. १९७० मध्ये डॅनियल जँझेन यांनी आणि १९७१ मध्ये जोसेफ कॉनेल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक कल्पना मांडली. उष्ण प्रदेशातल्या जंगलात एकेका जातीची झाडे दूरदूर विखुरलेली का, आणि एवढ्याशा जागेत इतक्या जाती कशा नांदतात, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे, की आईच्या पायथ्याशी त्या जातीवरच जगणारे किडे आणि बुरशी दबा धरून असतात. सर्वांत जास्त बिया तिथेच पडतात आणि सर्वांत जास्त तिथेच मरतात. जी दूर गेली तिला वाव. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर कॅरल ऑग्सपर्गर यांनी प्लॅटिपोडियम नावाच्या झाडाची रोपे पाहिली तेव्हा आईजवळची रोपे मुख्यतः खोड कुजवणाऱ्या बुरशीने मेलेली आढळली. या झाडाच्या शेंगेला पंख असतो, ती वाऱ्यावर उडते. तेव्हा 'वाऱ्याने पसरणाऱ्या बियांना कोणाचेच देणे नसते' हा आक्षेपही इथेच निकालात निघतो. वाहणारा कोण हा दुय्यम भाग. दूर जाणे ही अट आहे आणि ती अट बी स्वतःच्या बळावर पुरी करू शकत नाही. उष्ण प्रदेशातल्या जंगलांत निम्म्याहून जास्त, आणि कित्येक ठिकाणी नव्वद टक्क्यांपर्यंत झाडांनी ही अट प्राण्या-पक्ष्यांच्या भुकेवर सोपवली आहे. आपली सगळी घरेलू रूपके याच्या नेमकी उलट आहेत. आईच्या सावलीत, मायेच्या छायेत वगैरे. जंगलात आईची छाया ही बहुतेक बियांची स्मशानभूमी असते.

इथे मला शालिस्तंब सूत्राची आठवण होते. महायान बौद्धांचा हा जुना ग्रंथ प्रतीत्यसमुत्पाद समजावताना भाताच्या रोपाचे उदाहरण घेतो. बीपासून अंकुर, अंकुरापासून पान, असा क्रम आधी येतो आणि मग सहा गोष्टींची यादी: पृथ्वी, पाणी, उष्णता, वारा, अवकाश आणि ऋतू. या सहा जुळून आल्या नाहीत तर बी असूनही अंकुर नाही. पण त्या यादीपेक्षा मला तिच्यानंतरचा विचार मोलाचा वाटतो. बीला वाटत नाही की मी अंकुर घडवते आहे; मातीला वाटत नाही की मी बीला आधार देते आहे; ऋतूला वाटत नाही की मी तिच्यात पालट घडवतो आहे. कोणीच करत नाही आणि तरी होते. तांबटाला हे वाक्य जसेच्या तसे लागू पडते. त्याला वडाचे वंशवर्धन करायचे नसते, त्याला भूक असते. 'वृक्ष परोपकारासाठी फळतात' असे आपण सुभाषितांतून मुलांना शिकवतो, आणि अलीकडचे लोक त्याच्या उलट 'फळ म्हणजे झाडाने दिलेली लाच' असे ऐटीत सांगतात. दोन्ही पक्ष झाडाच्या मनात हेतू भरतात. एक त्याला संत ठरवतो, दुसरा दलाल. शालिस्तंबाच्या कर्त्याने या दोघांपेक्षा जास्त नीट पाहिले होते. त्याच्या यादीत पक्षी नाही याचे कारण सरळ आहे. भाताची बी माणूस पेरतो, तिला तांबटाची गरज नाही. जंगलासाठी ती यादी लिहिली असती तर सातवी गोष्ट आली असती: दुसऱ्याचे पोट.

आता खरा जोरदार आक्षेप. वेदान्ती म्हणेल, तुम्ही उपादान कारण आणि निमित्त कारण यांची गल्लत करता. माती हे मडक्याचे उपादान, कुंभार निमित्त. पक्षी, वारा, भिंतीची चीर ही सगळी निमित्ते. ती बदलली तरी चालतात. उपादान मात्र बीच आहे, आणि उद्दालक त्याबद्दल बोलतो आहे. पक्ष्याने कितीही फिरवली तरी वडाच्या बीतून आंबा येत नाही ना? हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला दोन पायऱ्यांनी उत्तर द्यावे लागेल. पहिली पायरी द्रव्याची. उपादान म्हणजे ज्याचे कार्य बनते ते द्रव्य. यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या फ्लेमिश वैद्याने सतराव्या शतकात दोनशे पौंड कोरडी माती कुंडीत भरून त्यात पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचे झाले होते आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली होती. १६४८ मध्ये, त्याच्या मरणानंतर, हा प्रयोग छापला गेला. झाड पाण्याचे बनते असा त्याने निष्कर्ष काढला. तो अर्धाच खरा होता, कारण लाकडातला कार्बन हवेतून येतो हे कळायला आणखी दीडेकशे वर्षे जावी लागली. मुद्दा असा की वडाच्या खोडातले द्रव्य बीमधून आलेले नसते. उपादान शोधायचेच तर ते हवेत आणि पाण्यात आहे. म्हणजे मडक्याचा दृष्टांत इथे उलटा होतो. माती बाहेर आहे आणि बी झालीच तर कुंभाराच्या जागी येते.

मग वेदान्ती मागे सरकून म्हणेल, बरे, द्रव्य नसेल, पण घडण तर बीमध्ये आहे. वड वडच होतो, आंबा होत नाही, ही जी व्यवस्था ती आतलीच. हे खरे आहे, आणि नैयायिकांचे 'कार्य सर्वस्वी नवे' हे म्हणणेही इथेच अडते. पण ही व्यवस्था काय आहे ते जवळून पाहा. सह्याद्रीतल्या रानजायफळाचे फळ पिकल्यावर दोन फाकांत उकलते आणि आत काळपट बीभोवती लालभडक जाळीदार वेष्टन दिसते. हीच रामपत्री, आपल्या गरम मसाल्यात पडते ती. बीच्या वाढीला या वेष्टनाचा काही उपयोग नाही. ते धनेशासाठी आहे. धनेश सगळी बी गिळतो, तेलकट वेष्टन पोटात ठेवतो आणि टणक बी काही वेळाने उलटीवाटे टाकून देतो. तिचा रंग पक्ष्याच्या डोळ्याला, आकार त्याच्या घशाला आणि कवच त्याच्या पोटाला जुळलेले आहे. म्हणजे जिला आपण बीची आतली, स्वतःची घडण म्हणतो ती लाखो वर्षांच्या परक्या डोळ्यांनी आणि परक्या घशांनी घडवलेली आहे. बाहेरच्याचा ठसा आत उमटला आहे. बीजात आत्मा शोधायला जावे तर तिथे इतरांच्याच खुणा सापडतात.

हे अधिक उघडपणे दिसते ते मध्य अमेरिकेत. तिथे कोस्टा रिकाचे राष्ट्रीय झाड म्हणून मान मिळालेला ग्वानाकास्ते आहे. त्याच्या कानासारख्या गोल वळलेल्या, गोडसर गराच्या शेंगा ढिगांनी खाली पडतात आणि स्थानिक वन्य प्राण्यांपैकी त्या खाऊन लांब नेणारा कोणी नाही. जँझेन आणि पॉल मार्टिन यांनी १९८२ मध्ये असे मांडले की या शेंगा हत्तीच्या नात्यातल्या गोम्फोथेरसारख्या आणि प्रचंड स्लॉथसारख्या प्राण्यांसाठी घडल्या, आणि ते प्राणी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले. स्पॅनिश लोकांनी आणलेले घोडे आणि गुरे आज त्या शेंगा खातात आणि बिया शेणातून रुजतात. या मांडणीतल्या एकेका झाडाबद्दल मतभेद आहेत, पण तिच्यातून जो प्रश्न उभा राहतो तो टाळता येत नाही. फळाचा हेतू काय, असे विचारणाऱ्याला वाटते की हेतू पुढे असतो. या शेंगेचा 'हेतू' दहा हजार वर्षे मागे आहे. ती अजूनही दर वर्षी, न चुकता, गेलेल्यांसाठी पिकते. बीजात भावी झाड लिहिलेले असते म्हणणाऱ्यांनी या शेंगेचे काय करायचे ते सांगावे. तिच्यात भविष्यापेक्षा भूतकाळ जास्त ठळक लिहिलेला आहे.

एवढे बोलल्यावर दुसऱ्या टोकाच्या भाविकांना आवर घालणे भाग आहे, कारण 'सगळे एकमेकांशी जोडलेले आहे' हे ऐकले की त्यांना भरते येते. दर भाद्रपदात मोबाइलवर एक संदेश फिरतो. वड-पिंपळाच्या बिया कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाहीत, कावळी भाद्रपदात अंडी घालते, म्हणून दूरदर्शी पूर्वजांनी पितृपक्षात कावळ्याला घास घालायची प्रथा पाडली. यातले एकही विधान टिकत नाही. कावळा या बिया नेतो हे खरे, पण त्याच्यासारखे नेणारे डझनांनी आहेत. रोपवाटिकांत वड-पिंपळाची रोपे कावळ्यावाचून बीपासून तयार होतात. आणि आपल्याकडे कावळ्यांची घरटी उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडाशी होतात. भाद्रपदापर्यंत पिल्ले उडून गेलेली असतात. पितरांच्या आठवणीने घास ठेवावा, त्यासाठी वनस्पतिशास्त्राची खोटी साक्ष काढायचे कारण नाही. शास्त्रज्ञही या मोहातून सुटलेले नाहीत. १९७७ मध्ये स्टॅन्ले टेंपल यांनी लिहिले की मॉरिशसचा डोडो पक्षी सतराव्या शतकात संपल्यामुळे तिथल्या तांबालाकोक झाडाची बी रुजेनाशी झाली आणि तीनशे वर्षांहून जुनी तेरा झाडे काय ती उरली. टर्की कोंबड्यांना सतरा बिया भरवल्या, त्यांतल्या तीन रुजल्या, हा त्यांचा पुरावा. न भरवलेल्या बियांशी तुलना केलीच नव्हती. पुढे तरुण झाडेही सापडली आणि पक्ष्यावाचून रुजलेल्या बियाही. गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांतून अजून निघालेली नाही, कारण ती फार सुंदर आहे.

जंगलातली देवघेव इतकी सुबक नसते. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते तेव्हा नर तिला महिनोन् महिने फटीतून फळे भरवतो, आणि त्या ढोलीखाली बियांचा खच पडतो. तिथे दाटीवाटीने उगवलेली बहुतेक रोपे मरतात. सर्वांत इमानी वाहकही असा अर्धा माल चुकीच्या दारात ओततो. पनामात अगौटी नावाचे सशाएवढे उंदीरवर्गीय प्राणी तिथल्या काळ्या ताडाच्या बिया जमिनीत पुरून ठेवतात आणि एकमेकांच्या चोरतात. संशोधकांनी माग काढलेली एक बी ३६ वेळा पुरली गेली, मूळ जागेपासून २८० मीटर दूर पोहोचली आणि २०९ दिवसांनी एका अगौटीने ती खाऊन टाकली. मला ही बी डोडोच्या गोष्टीपेक्षा जास्त शिकवते. एवढा प्रवास तिच्या नशिबी होता असे म्हणावे तर शेवटी पदरी काय आले? तिच्या आत ताड होता असे म्हणावे तर तो गेला कुठे? संबंध आहेत, पण ते करार नाहीत. त्यांच्यामागे कोणी सूत्रधार दिसत नाही आणि ते पुरे होतीलच अशी हमी नाही. कोणी म्हणेल, मग सगळेच सगळ्याला कारण झाले, असे म्हणण्यात अर्थ काय उरला? अर्थ उरतो, कारण कुठली अट किती आवश्यक ते एक-एक अट काढून तपासता येते. कावळा काढला तर वड राहतो. फळ खाणारे मोठे पक्षी आणि प्राणी एकदम काढले तर मोठ्या बियांची झाडे म्हातारी होत जातात आणि मागे कोणी येत नाही. केंट रेडफर्ड यांनी १९९२ मध्ये शिकारीने असे ओस पडलेल्या अरण्याला 'रिकामे अरण्य' म्हटले, ते याच अर्थाने.

शेवटचा आक्षेप सर्वांत समंजस आहे. उद्दालक वनस्पतिशास्त्र शिकवत नव्हता, दिसणाऱ्याच्या मुळाशी न दिसणारे असते एवढेच त्याला सांगायचे होते. दृष्टांताची एवढी चिरफाड कशाला? याला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. न्यायाच्या पंचावयवी वाक्यात प्रतिज्ञा आणि हेतू यांच्यानंतर उदाहरण येते आणि ते अनुमानाचे अंग मानले जाते, शोभेची वस्तू नव्हे. उदाहरण लंगडे असेल तर अनुमान लंगडते. वडाच्या बीवरून 'जे काही आहे त्याचे सार त्याच्या आतच असते' असे कोणी अनुमान काढत असेल, तर त्याला हे उदाहरण आता वापरता येणार नाही. उद्दालकाला मात्र मी एवढ्यात दोषी धरणार नाही. त्याच अध्यायात, वडाच्या थोडे आधी, तो मधमाश्यांचे उदाहरण देतो. नाना झाडांचे रस त्या एकत्र आणतात आणि मग 'मी या झाडाचा, मी त्या झाडाचा' असा भेद मधात उरत नाही. त्याला एका जीवाचे दुसऱ्यातून वाहणे चांगले ठाऊक होते. आपण शतकानुशतके बीच लक्षात ठेवली आणि माश्या विसरलो, हा आपला कल. 'ते तूच आहेस' हे वाक्य खोटे ठरवण्याचा माझा इरादा नाही. पण त्यातला 'तू' जर त्वचेच्या आत बंद असलेला कोणी म्हणून घेतला, तर जंगल त्याला दुजोरा देत नाही. तो 'तू' अनेकांच्या भुकेतून आणि थोड्याफार अपघातातून घडलेला असेल, तर देते.

या वादाला व्यवहारात एक टोक आहे आणि ते कोकणातल्या देवरायांत सापडते. देवराईचा नियम झाडाचा आहे: कुऱ्हाड लावायची नाही, कित्येक ठिकाणी पडलेली काटकीही घरी न्यायची नाही. या नियमामुळे जुनी, पोकळ झाडे उभी राहिली, आणि धनेशाला ढोली लागते ती अशाच झाडांत मिळते. नियम करणाऱ्यांच्या मनात धनेश असेल-नसेल. फायदा त्याला झाला. सिंधुदुर्गात दोडामार्गजवळ बांबर्डे इथली, रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल गावकऱ्यांनी देवाची राई म्हणून राखली, आणि २०२१ मध्ये सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरवले. चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली त्यांची मुळे पाहून कोणालाही वाटेल की वारसा इथे, या कुंपणाच्या आत आहे. पण या कुळातल्या झाडांची बी वाळली की मरते. धान्यासारखी कणगीत किंवा बियाणे-पेढीत ती वर्षानुवर्षे ठेवता येत नाही. ओलीच्या ओली कोणीतरी उचलून योग्य जागी टाकावी लागते, आणि ते करणारा पक्षी चारा शोधत चार-दोन एकरांच्या राईबाहेर मैलोगणती फिरतो. बाहेर काजू, कलमे आणि रबराखेरीज काही उरले नाही तर तो येणार नाही, आणि राई मग देवाची असूनही निपुत्रिक होईल. म्हणून देवरायांची मोजदाद करणाऱ्या वनखात्याला, ग्रामपंचायतींना आणि हौशी निसर्गमंडळांना एक विनंती आहे. खोडांचे घेर मोजून थांबू नका. मोठ्या झाडापासून दूर उगवलेली त्याच जातीची रोपे किती, ढोल्या किती आणि त्यांतल्या किती ढोल्यांत यंदा धनेश बसला, हेही त्याच वहीत लिहा.